गुलमोहराच्या बेटावर नागरिकत्व मिळतं… मोजून पैसे देऊन!

वैशाखात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर लालभडक पेटणारा गुलमोहर मूळचा इथला नाही. तो मादागास्करचा. पण इंग्रजीत त्याला जे नाव पडलं, 'रॉयल पॉइन्सियाना', ते आलं मादागास्करपासूनही हजारो मैल दूर असलेल्या एका चिमुकल्या बेटावरून. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर द पॉइन्सी नावाचा फ्रेंच गव्हर्नर राज्य करत होता. त्याचं नाव या झाडाला कायमचं चिकटलं. आज गुलमोहर हे त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. झाड बाहेरून आलेलं, आणि मान थेट राष्ट्रीय फुलाचा!

बाहेरून आलेल्याला आपलंसं करून घेण्याची 'सेंट किट्स अँड नेव्हिस' या देशाला तशी जुनी सवय आहे. फरक इतकाच की, गुलमोहराकडून त्यांनी पैसे घेतले नव्हते. माणसांकडून घेतात. १९८४ पासून तिथल्या कायद्यात सोय आहे: देशात ठरावीक रक्कम गुंतवा आणि नागरिक व्हा. जगात अशा ज्या योजना आज चालू आहेत, त्यांत सगळ्यात जुनी हीच. अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुसिया ही शेजारची बेटं याच वाटेनं नंतर गेली.

देश तरी केवढा? सेंट किट्स १६८ चौरस किलोमीटर आणि नेव्हिस ९३. दोन्ही मिळून २६१. मुंबई शहर आणि उपनगर एकत्र धरलं, तर त्याच्या निम्म्याहूनही कमी! लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. दीड वानखेडे स्टेडियममध्ये अख्खा देश आरामात बसेल, पंतप्रधानांसकट.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे, तर बासटेअर या राजधानीतलं वॉर्नर पार्क मैदान अनेकांना आठवेल. २००७ च्या विश्वचषकात हर्शेल गिब्जनं हॉलंडच्या गोलंदाजाला एका षटकात सहा षटकार ठोकले, ते इथेच. त्याआधी २००६ च्या जूनमध्ये या मैदानावरची पहिली कसोटी झाली, तीही भारताविरुद्ध. पण इथल्या पोरांचा खरा लाडका आहे धावपटू किम कॉलिन्स. २००३ मध्ये पॅरिसला शंभर मीटरची जागतिक शर्यत त्यानं जिंकली आणि जगाला नकाशा उघडून हा देश शोधावा लागला.

बासटेअर हे गाव पायी फिरावं इतकंच आहे. मध्यभागी 'सर्कस' नावाचा चौक, लंडनच्या पिकॅडिलीची नक्कल करून बांधलेला. चौकात हिरव्या रंगाचं बिडाचं घड्याळ. तिथून काही पावलांवर इंडिपेंडन्स स्क्वेअर. झाडं, बाकडी, मधोमध कारंजं, बाजूला चर्च. निवांत जागा आहे. फक्त एवढंच की, याच जागी एके काळी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा बाजार भरायचा. माणसाला किंमत लावण्याचा व्यवहार या बेटाला नवा नाही, तो असा.

उसाचं राज्य

कोलंबस १४९३ मध्ये इथून गेला. १६२४ मध्ये इंग्रजांनी वसाहत केली, पाठोपाठ फ्रेंच आले. दोघांनी मिळून १६२६ मध्ये इथल्या मूळच्या कालिनागो लोकांची कत्तल केली. जिथे ती झाली त्या जागेचं नाव आजही 'ब्लडी पॉइंट' आहे. कालिनागो आपल्या बेटाला 'लियामुइगा' म्हणत, म्हणजे सुपीक भूमी. नाव सार्थ होतं, आणि तेच नडलं. ज्वालामुखीच्या राखेवर ऊस असा काही माजला की, तीनशेहून अधिक वर्षं बेटानं दुसरं काही केलंच नाही. गव्हर्नर गेले, साम्राज्यं बदलली, ऊस हलला नाही.

त्या श्रीमंतीच्या रक्षणासाठी इंग्रजांनी ब्रिमस्टोन हिलवर किल्ला बांधला. बांधला म्हणजे गुलामांकडून बांधून घेतला, शंभर वर्षं. काळ्या ज्वालामुखी दगडाच्या जाडजूड भिंती, खाली निळा समुद्र, समोर इतर बेटांच्या निळसर आकृती. आपल्या सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला तटबंदीचं अप्रूप वाटणार नाही, पण वर उभं राहिल्यावर येणारा वारा मात्र ओळखीचा वाटेल. १९९९ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं.

किल्ल्यावर आणखी एक ओळखीची गोष्ट भेटते. माकडं! फ्रेंचांनी आफ्रिकेतून पाळायला आणलेली ही हिरवट माकडं आता रानभर झाली आहेत. देशात माणसांपेक्षा माकडं जास्त, असं तिथले लोक गमतीनं सांगतात. आंबा आणि भाजीपाला पिकवणारा शेतकरी मात्र गमतीत नसतो. कोकणातल्या बागायतदाराला त्याचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात, तो इथे रोजच्या जेवणात असतो. खारवलेला मासा, तिखट केळी, नारळाचे डंपलिंग आणि उकडलेला नीरफणस, हे झालं राष्ट्रीय जेवण.

१८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं संपली. मग ऊस तोडायचा कुणी? मळेवाल्यांनी नजर वळवली ती हिंदुस्थानकडे. १८६१ मध्ये कलकत्त्याहून निघालेलं 'डार्टमथ' नावाचं जहाज तीनशेहून जास्त गिरमिटिया मजूर घेऊन सेंट किट्सला लागलं. १८७४ मध्ये असंच एक जहाज नेव्हिसला आलं. करार संपल्यावर बहुतेक जण परतले किंवा त्रिनिदादसारख्या मोठ्या बेटांवर गेले. दीडशे वर्षांपूर्वी घाम गाळायला आलेल्यांना या बेटावर कुणी 'नागरिक व्हा' म्हटलं नव्हतं.

साखरेनं बेटाला एक सुंदर वस्तू मात्र दिली, ती म्हणजे आगगाडी. ऊस कारखान्यात नेण्यासाठी १९१२ ते १९२६ या काळात बेटाभोवती अडीच फुटी रूळ टाकले गेले. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा गेज होता, तोच हा. आता त्यावर पर्यटकांची दुमजली गाडी धावते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला ढगात डोकं खुपसलेला ज्वालामुखी, मधूनमधून पडक्या गिरण्यांची धुराडी आणि रानटी वाढलेला, कुणीही न तोडलेला ऊस.

न तोडलेला, कारण २००५ मध्ये साखर कारखाना बंद झाला. सरकारनं उसाच्या जमिनी १९७५ मध्ये ताब्यात घेतल्या होत्या, पण जगात साखरेचे भाव पडले आणि दर वर्षी तोटा वाढत गेला. शेवटचा हंगाम झाला, भोंगा वाजला आणि दीड हजारांच्या आसपास कामगार घरी बसले. कारखाना बंद पडल्यावर गावाचं काय होतं, हे महाराष्ट्रात ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं कळेल. इथे तर गाव नव्हे, देशच कारखान्यावर होता.

पाच दरवाजे

आता नागरिकत्वाकडे येऊ. १९ सप्टेंबर १९८३ रोजी हा देश स्वतंत्र झाला. त्या राज्यघटनेत नागरिक होण्याचे साधे मार्ग लिहिलेले आहेत. बेटावर जन्मलेलं मूल, आईबाप कुठल्याही देशाचे असोत, नागरिक ठरतं. अपवाद परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांचा. (भारतातही १९८७ च्या मध्यापर्यंत असंच होतं, नंतर आपण नियम कडक केले.) परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील नागरिक असतील, तर तेही नागरिक. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेली हजारो किटिशियन कुटुंबं या नियमानं गावाशी बांधलेली आहेत. तिसरा मार्ग लग्नाचा. नागरिकाशी विवाह केलेल्याला नोंदणी करून नागरिक होता येतं.

चौथा दरवाजा आहे राहण्याचा. बेटावर येऊन रीतसर राहा, कष्ट करा आणि मग अर्ज करा. किती वर्षं राहायचं? चौदा वर्षं. रामाचा वनवासच म्हणायचा! फक्त इथे वनवास संपल्यावर अयोध्या मिळते ती परक्याची.

हा वनवास कोण भोगतं? जमैका, डॉमिनिकन रिपब्लिक आणि मुख्यतः गयाना या देशांतून आलेले गवंडी, सुतार, रखवालदार, मोलकरणी. गयानातून येणाऱ्यांमध्ये पर्सॉद आणि सिंग अशी आडनावं सहज आढळतात. पर्सॉद म्हणजे आपला प्रसाद. कलकत्त्याच्या धक्क्यावरून जहाजात चढलेल्या मजुरांची ही पाचवी-सहावी पिढी. पणजोबा ऊस तोडायला आले, पणतू हॉटेलं बांधायला आला.

आणि ही हॉटेलं कशातून उभी राहिली? पाचव्या दरवाजातून!

पाचवा दरवाजा पैशाचा. तिथे चौदा वर्षं लागत नाहीत, काही महिने पुरतात. दोन मुख्य रस्ते आहेत. एक, सरकारच्या विकासनिधीला सरळ देणगी द्यायची. २०२३ पासून हा आकडा अडीच लाख अमेरिकन डॉलरवर आहे, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. हे पैसे परत मिळत नाहीत. दुसरा, सरकारनं मंजूर केलेल्या गृहप्रकल्पात किंवा हॉटेलात मालकी विकत घ्यायची. किमान सव्वातीन लाख डॉलर, आणि ती मालमत्ता सात वर्षं विकायची नाही. वर छाननीचं शुल्क, वकिलाचं शुल्क, बायको-मुलांचं वेगळं. अर्ज थेट करता येत नाही, सरकारमान्य एजंटामार्फतच जातो. मग पोलिसांचा दाखला, बँकेची कागदपत्रं आणि पैसा आला कुठून याची चौकशी. २०२३ पासून मुलाखतही सक्तीची झाली. त्याआधीची गंमत अशी की, अर्जदारानं बेटावर पाऊल ठेवलंच पाहिजे असा आग्रह नव्हता. गुलमोहर न पाहताच माणूस गुलमोहराच्या देशाचा नागरिक!

सुरुवातीची वीस-बावीस वर्षं योजना रडतखडत चालली. खरा वेग आला साखर बुडाल्यावर. २००६ मध्ये साखर उद्योगाला पर्याय उभा करण्यासाठी एक निधी स्थापन झाला आणि देणगी त्यात भरायची सोय झाली. उसाची जागा पासपोर्टानं घेतली म्हणा ना! २००९ मध्ये युरोपीय संघाशी व्हिसामाफीचा करार झाला आणि चीन, रशिया, मध्यपूर्वेतले धनिक रांगेत उभे राहिले. 'टेलिग्राम'वाला पावेल दुरोव त्यांतलाच एक, २०१३ चा. वैयक्तिक उत्पन्नावर इथे कर नाही, हेही आकर्षण होतंच.

पैसा दिसूही लागला. बेटाच्या आग्नेय टोकाला, जिथे टिमथी हिलवरून एका नजरेत अटलांटिक आणि कॅरिबियन असे दोन समुद्र दिसतात, तिथे पूर्वी मिठागरं, बाभळीसारखी काटेरी झुडपं आणि माकडं एवढंच होतं. आता आलिशान बोटींचा धक्का झाला, पंचतारांकित हॉटेलं आली. बेकार झालेल्या तरुणांना प्रशिक्षण देण्याच्या योजना याच पैशातून चालल्या. टॅक्सीवाला, भाजीवाली, शाळामास्तर, साऱ्यांच्या चुलीपर्यंत या पैशाची ऊब पोचली. त्यामुळे 'देश विकायला काढलाय' असं बाहेरच्यानं म्हणणं सोपं आहे. पन्नास हजार लोकांनी ऊस गेल्यावर पिकवायचं काय, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्याकडे नसतं.

पण झटकेही बसले. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानं इशारा दिला की, निर्बंध चुकवण्यासाठी काही इराणी मंडळी सेंट किट्सचे पासपोर्ट वापरत आहेत. नोव्हेंबरमध्ये कॅनडानं या देशाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. कारण कळल्यावर लोक चाट पडले: मधल्या काळात दिलेल्या पासपोर्टांवर धारकाचं जन्मस्थानच छापलेलं नव्हतं! मग हजारो पासपोर्ट परत मागवून नवे द्यावे लागले. या सगळ्यात टोरांटोला बहिणीकडे जाणाऱ्या बासटेअरच्या साध्या बाईचा काय दोष? ती तर इथेच जन्मलेली. तरी व्हिसाच्या रांगेत उभी राहिली तीच.

पुढे तर सेल लागला. २०१७ ला वादळांनी कॅरिबियन झोडपलं तेव्हा सेंट किट्सनं 'वादळग्रस्तांसाठी' म्हणून दर दीड लाखावर आणला. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला, आणि मग त्यांनीही आपले दर पाडले. डॉमिनिकात तर लाखात काम व्हायचं. वाण्याच्या दुकानासारखी ही स्पर्धा २०२४ मध्ये आवरती घेण्यात आली. बेटांनी मिळून ठरवलं, दोन लाख डॉलरच्या खाली कुणी जायचं नाही. दरम्यान २०२३ मध्ये ब्रिटननं डॉमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा लागू केला होता. भीती हीच होती.

भारतीयाच्या हाती काय येतं?

भारतात या बेटांची नावं घरोघरी पोचली ती एका हिरेव्यापाऱ्यामुळे. पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी यानं नोव्हेंबर २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं, जानेवारी २०१८ मध्ये देश सोडला आणि त्यानंतर काही दिवसांत घोटाळा उघडकीला आला. २०२१ मध्ये तो शेजारच्या डॉमिनिकात पकडला गेला, एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये. पासपोर्ट विकत घेतला की कायद्याचा हात आखूड होतो, अशी ज्यांची समजूत होती, त्यांना या प्रवासातून पुरेसा बोध व्हावा.

सरळमार्गी माणसानंही हिशेब नीट करावा असा आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन्ही स्पष्ट आहेत: स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचा नागरिक झालेला माणूस त्या क्षणी भारताचा नागरिक राहत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. तो खिशात ठेवून दोन्हीकडे मिरवणं हा गुन्हा आहे. नंतर परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळू शकतं, येणं-जाणं-राहणं सोपं होतं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मुक्काम भारतातच ठेवला तर प्राप्तिकरही चुकत नाही. आणि एवढं करून अमेरिकेला जायचं तर सेंट किट्सच्या नागरिकालाही व्हिसा लागतोच! एजंटांच्या गुळगुळीत पुस्तिकांमध्ये हे बारीक अक्षरात असतं.

ज्याला फक्त बेट पाहायचं आहे, त्यानं यातल्या कशाच्याही भानगडीत पडू नये. लंडन, न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे जावं, डिसेंबर ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत जावं. नंतर वादळांचा मोसम असतो. आणि बासटेअरच्या धक्क्यावरून नेव्हिसची बोट जरूर पकडावी. पाऊण तासाचा प्रवास.

नेव्हिस म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच डोंगर, माथ्यावर कायम ढग. त्या ढगांना बर्फ समजून स्पॅनिश खलाशांनी बेटाला बर्फाचं नाव दिलं. चार्ल्सटाउन या त्याच्या गावात अलेक्झांडर हॅमिल्टन जन्मला, जो पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला आणि दहा डॉलरच्या नोटेवर जाऊन बसला. त्याला कुणी अडीच लाख डॉलर मागितले नव्हते. नेव्हिसकरांचा ताठा मात्र आजही वेगळा. १९९८ मध्ये सेंट किट्सपासून फुटून निघायचं का, यावर त्यांनी सार्वमत घेतलं. जवळपास ६२ टक्के 'हो' म्हणाले. हवे होते दोनतृतीयांश. थोडक्यात हुकलं आणि देश एक राहिला.

संध्याकाळच्या बोटीत पर्यटक कमी असतात. गणवेशातली शाळकरी पोरं, बाजारहाट करून निघालेल्या बाया, हॉटेलांच्या बांधकामावरून परतणारे, सिमेंटनं पांढरे झालेले कामगार. त्यांच्यात गयानाचे असतात. एखाद्याला विचारलं, इथे किती वर्षं झाली, की उत्तर पटकन येतं. नऊ. अकरा. साडेबारा.